युद्ध, भरभराट, मंदी: अमेरिकेची १९१४ ते १९४१ ही वर्षे चार रविवारांत कशी शिकवावीत

हे टिपण ठाणे-नवी मुंबईत अभ्यासवर्ग चालवणाऱ्यांसाठी आहे. समोर बारावीची मुले असोत, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे असोत किंवा सोसायटीतली वाचनाची आवड असलेली मंडळी. या काळाचे सहसा तीन तुकडे पाडले जातात: पहिले महायुद्ध एका प्रकरणात, विसाव्या शतकातले तिसरे दशक दुसऱ्यात आणि महामंदी तिसऱ्यात. मुलांना तारखा पाठ होतात, पण एकातून दुसरे कसे निघाले हे विचारले की गाडी अडते.

म्हणून चारही रविवार एकच धागा धरून चालायचे: कर्ज. युद्धात गव्हाला भाव आला म्हणून शेतकऱ्याने कर्ज काढून जमीन घेतली. युरोपातल्या सरकारांनी अमेरिकेकडून कर्ज घेतले. पुढच्या दशकात शहरातल्या कुटुंबाने हप्त्यावर मोटार घेतली आणि हौशी गुंतवणूकदाराने उसन्या पैशांवर शेअर. मग भाव पडले, पण कर्जाचे आकडे होते तिथेच राहिले. हा तोटा कोणी सोसायचा, यावरून पुढे सगळे राजकारण पेटले. प्रत्येक घटनेपाशी थांबून दोनच प्रश्न विचारायचे: देणे कोणाचे, आणि फेडले कोणी? मुले हे आपणहून विचारू लागली की वर्ग रुळावर आला असे समजा.

तयारी

गट सोळा ते वीस जणांचा हवा. बारापेक्षा कमी असतील तर बँकेचा खेळ होत नाही, पंचविसाच्या वर गेले की मागचे नुसते बघत बसतात. एका सत्राला अडीच तास, मध्ये पंधरा मिनिटांचा चहा. वेळ सकाळी दहाची ठेवा. रविवारी मेगाब्लॉक असतो, वाशी-नेरुळकडून ट्रान्स-हार्बरने येणारी मुले अकराच्या वर्गाला हमखास अडकतात. आदल्या रात्री ब्लॉकची वेळ बघून गटावर टाकणे हे एकाचे काम ठरवून द्या.

सामान साधे आहे आणि जांभळी नाक्याच्या बाजारात एका फेरीत मिळते. सहा पांढरे चार्टपेपर (५६ बाय ७१ सेंटिमीटरचे), चार रंगांचे स्केचपेन, पोस्टकार्डाच्या आकाराची शंभर कोरी कार्डे, सुतळी, कपडे वाळत घालायचे चिमटे, ग्राफपेपर. शिवाय साध्या कागदाच्या दहा-दहा डॉलरच्या पन्नास चिठ्ठ्या आणि 'एक बुशेल गहू' असे लिहिलेल्या साठ चिठ्ठ्या.

पहिले काम कालपट्टीचे. प्रत्येक चार्टपेपर लांबीच्या बाजूने मधोमध कापा. २८ सेंटिमीटर उंचीच्या बारा पट्ट्या मिळतील. एक-एक सेंटिमीटर एकावर एक चढवून चिकटवल्या की पट्टी ८४० सेंटिमीटर लांब होते. १९१४ ते १९४१ ही २८ वर्षे, म्हणजे वर्षाला ३० सेंटिमीटर आणि महिन्याला अडीच. हे माप मुद्दाम ठेवले आहे. १९३३ च्या मार्चमधल्या घटना काही दिवसांच्या अंतराने लावायच्या असतात, आणि माप याहून लहान घेतले तर तिथे कार्डांची चेंगराचेंगरी होते. पट्टी भिंतीला चिकटवू नका. पावसाळ्यात ठाण्यातल्या भिंतींना ओल येते, टेप सुटतो आणि चहाच्या सुट्टीत सगळी पट्टी खाली येते. दोन खिळ्यांमध्ये सुतळी ताणून चिमट्यांनी टांगा.

पट्टीच्या खाली आपल्याकडच्या घटनांची बारीक रेघ ठेवा. दांडीयात्रा मार्च १९३०, उरणजवळच्या चिरनेरचा जंगल सत्याग्रह २५ सप्टेंबर १९३०, अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांचा खोतांविरुद्धचा संप १९३३ ते १९३९. अमेरिकेचा स्मूट-हॉली जकात कायदा १७ जून १९३० चा, म्हणजे दांडी आणि चिरनेर यांच्या मध्ये. हे जवळ-जवळ लागलेले पाहिले की मुलांना काळाची जाण येते. पण तारखा एका रेषेत आल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली, असे कोणी म्हणू लागले तर तिथेच थांबवा. खोतीविरुद्धच्या संपाची मुळे खोतीत आहेत.

पहिला रविवार: युद्ध

युद्धाच्या लढायांवर वेळ घालवू नका. अमेरिकेच्या आत काय बदलले ते महत्त्वाचे. अध्यक्ष वुड्रो विल्सन १९१६ मध्ये 'त्यांनी आपल्याला युद्धापासून दूर ठेवले' या प्रचारावर पुन्हा निवडून आले, आणि ६ एप्रिल १९१७ ला अमेरिका युद्धात उतरली. सिनेटमध्ये ८२ विरुद्ध ६, प्रतिनिधिगृहात ३७३ विरुद्ध ५०. या पन्नासांत माँटानाच्या जेनेट रँकिन होत्या, काँग्रेसमध्ये निवडून आलेली पहिली स्त्री. डिसेंबर १९४१ मध्ये जपानविरुद्धच्या ठरावाला एकच विरोधी मत पडले, तेही त्यांचेच. त्यांचे कार्ड पट्टीच्या दोन्ही टोकांना लावा.

विल्सन यांची निवडणूक आणि युद्धात उतरणे यांच्या मधल्या पाच महिन्यांची कारणे तीन कार्डांत बसतात. जर्मनीने १ फेब्रुवारी १९१७ पासून पाणबुड्यांचा बेबंद मारा पुन्हा सुरू केला. मेक्सिकोला अमेरिकेविरुद्ध फूस देणारी झिमरमन तार १ मार्चला छापून आली. आणि ब्रिटन-फ्रान्सला अमेरिकी बँकांनी आधीच मोठी कर्जे दिलेली होती. 'लुसिटानिया बुडाली म्हणून अमेरिका युद्धात उतरली' हे वाक्य हटकून ऐकू येते. ती ब्रिटिश प्रवासी बोट ७ मे १९१५ ला बुडाली. पट्टीवर दोन्ही कार्डांमधले अंतर मोजायला लावा. ते ५७ सेंटिमीटरच्या वर भरते. पुन्हा समजावून सांगावे लागत नाही.

मग दोन भाषणे. सरकारी प्रचारखात्याने हजारो स्वयंसेवक तयार केले होते. सिनेमाच्या मध्यंतरात उभे राहून चार मिनिटांत युद्धकर्जाचे रोखे घ्या, सैन्यात या, असे ते सांगत. एका विद्यार्थ्याला घड्याळ लावून नेमकी चार मिनिटे द्या. दुसऱ्याला युद्धाला विरोध करणारे भाषण करायला सांगा आणि त्याला मध्येच खाली बसवा. समाजवादी नेते यूजीन डेब्स यांना जून १९१८ मध्ये ओहायोतल्या कँटन इथल्या भाषणासाठी दहा वर्षांची शिक्षा झाली. १९२० ची अध्यक्षीय निवडणूक त्यांनी तुरुंगातून लढवली आणि नऊ लाखांवर मते मिळवली. अध्यक्ष हार्डिंग यांनी डिसेंबर १९२१ मध्ये त्यांची सुटका केली. १९१७ चा हेरगिरी कायदा आणि १९१८ चा राजद्रोह कायदा शिकवायला टिळकांवरच्या खटल्याची आठवण आपल्या वर्गात आपोआप निघते. निघू द्या.

इथेच भगतसिंग थिंड यांचे कार्ड लावा. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकी सैन्यात होते. तरीही फेब्रुवारी १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कायद्याच्या अर्थाने ते 'गोरे' नाहीत, म्हणून नागरिकत्व नाही. वर्षभराने, १९२४ च्या कायद्याने, प्रत्येक देशासाठी १८९० च्या जनगणनेतल्या संख्येच्या दोन टक्के असा कोटा ठरवला आणि आशियाला दार जवळजवळ बंद केले. १८९० हेच वर्ष का, हा प्रश्न मुलांवर सोडा. पूर्व आणि दक्षिण युरोपातून येणाऱ्यांची मोठी लाट त्यानंतरची आहे. एवढी सूचना दिली की उत्तर ती स्वतः काढतात.

युद्धखर्चासाठी सरकारने रोखे विकून सुमारे २१ अब्ज डॉलर उभे केले. ज्यांनी बचत म्हणजे गादीखालच्या नोटा एवढेच पाहिले होते, अशी कितीतरी कुटुंबे पहिल्यांदा व्याज देणारा कागद विकत घेत होती. हे कार्ड पिवळ्या रंगात लिहा, पुढे शेअर बाजारापाशी लागेल. १९१९ चे संप (चाळीस लाखांवर कामगार), शिकागोची वांशिक दंगल, दारूबंदी, ऑगस्ट १९२० मधला स्त्रियांचा मताधिकार आणि व्हर्सायचा करार सिनेटने नाकारणे ही कार्डे भरभर लावून पुढे सरका. दारूबंदीवर मुले तासभर गुंतायला तयार असतात, त्यांना आवर घालावा लागतो.

दुसरा रविवार: भरभराट कोणाची

सुरुवात गव्हापासून करा, मोटारीपासून नको. एका मुलीला कॅन्सासची शेतकरी करा. तिचा वार्षिक हप्ता २० डॉलर. १९१९ मध्ये गव्हाला बुशेलमागे दोन डॉलरच्या वर भाव होता: टेबलावर दहा चिठ्ठ्या ठेवल्या की हप्ता फिटला. १९२१ मध्ये भाव एक डॉलरवर आला: वीस चिठ्ठ्या. १९३२ मध्ये ३८ सेंट: त्रेपन्न चिठ्ठ्या. एक बुशेल गहू म्हणजे सुमारे २७ किलो, तेव्हा पन्नास किलोच्या पोत्यांत हिशेब केला तर साडेपाच पोती, अकरा पोती, जवळपास एकोणतीस पोती. चिठ्ठ्या एकेक करून मोजायला लावा. त्रेपन्नपर्यंत जायला जो वेळ लागतो त्यातच विषय कळतो.

आता शेतकरी काय करील ते विचारा. बहुतेक जण म्हणतात, 'कमी पिकवील'. प्रत्यक्षात हप्ता फेडायला तो जास्त पिकवतो, सगळेच जास्त पिकवतात आणि भाव आणखी उतरतो. ज्यांना हे पटत नाही त्यांना आवक वाढलेल्या दिवशी पहाटे तुर्भ्याच्या एपीएमसीत कांदा-बटाटा मार्केटला घेऊन जा. शेतकऱ्यांना आधार देणारे मॅकनेरी-हॉगेन विधेयक काँग्रेसने दोनदा मंजूर केले, आणि अध्यक्ष कूलिज यांनी १९२७ आणि १९२८ मध्ये दोन्ही वेळा नकाराधिकार वापरला. लक्षात ठेवा, शहरे झगमगत असताना खेड्यांत मंदी होतीच. १९३० मध्येही दहापैकी नऊ शेतघरांत वीज नव्हती.

हे झाल्यावर मोटार. फोर्डने १९१३ मध्ये हायलंड पार्क कारखान्यात सरकता जुळणीपट्टा आणला, आणि सांगाडा जुळवायला लागणारा साडेबारा तासांचा वेळ दीड तासावर आला. १९०८ मध्ये ८५० डॉलरची मॉडेल टी दीड दशकाने तीनशेच्या आत आली. देशातल्या मोटारी १९२० मधल्या ऐंशी लाखांवरून १९२९ मध्ये सव्वादोन कोटींच्या पुढे गेल्या, आणि दशकाच्या शेवटी निम्म्याहून जास्त गाड्या हप्त्यावर जात होत्या. हप्ता आपल्या मुलांना समजावावा लागत नाही, घोडबंदर रोडवरच्या प्रत्येक फ्लॅटमागे तो आहे. समजवायचे ते एवढेच: हप्त्यावरची विक्री म्हणजे पुढच्या वर्षीची मागणी या वर्षी वापरून टाकणे. ज्याची त्याची मोटार घेऊन झाली, आणि पगार कारखान्याच्या उत्पादनाइतके वाढले नाहीत, की गोदामे तुंबतात.

युरोपचे कर्ज दाखवायला तीन खुर्च्या पुरतात: अमेरिका, जर्मनी, ब्रिटन-फ्रान्स. १९२४ च्या डॉव्ज योजनेनंतर अमेरिकी गुंतवणूकदार जर्मनीला कर्ज देत, जर्मनी त्यातून ब्रिटन-फ्रान्सला युद्धखंडणी देई, आणि ते देश अमेरिकी सरकारचे युद्धकर्ज फेडत. एकच दहाची चिठ्ठी तिन्ही खुर्च्यांतून फिरवा. मग अमेरिकेच्या खुर्चीला सांगा, 'आता शेअर बाजारात जास्त मिळते, चिठ्ठी इथेच ठेव.' १९२८ पासून तसेच झाले. बाकीच्या दोन खुर्च्यांवर शांतता पसरते.

शेअर बाजाराचा हिशेब फळ्यावर करा, आणि पूर्ण करा. शनिवारी, २६ ऑक्टोबर १९२९ ला, कोणी १,००० डॉलरचे शेअर घेतले: २०० स्वतःचे, ८०० दलालाकडून उसने, तारण म्हणून तेच शेअर. सोमवारी डाऊ जोन्स निर्देशांक १२.८ टक्के पडला. शेअर निर्देशांकाइतकेच पडले असे धरू: किंमत ८७२. स्वतःचे उरले ७२. दलाल सांगतो, वीस टक्के राखायचे तर आणखी १०२ डॉलर आणा. मंगळवारी पुन्हा ११.७ टक्के: किंमत ७७०. दलालाचे देणे ८००. दोन दिवसांत दोनशेही गेले आणि वर तीस डॉलरचे देणे राहिले. दलाल शेअर विकतो, त्या विक्रीने भाव आणखी पडतो, पुढच्याला मागणी जाते. त्या मंगळवारी १ कोटी ६४ लाख शेअर हातोहात गेले.

आता निर्देशांक पट्टीवर काढा. एक सेंटिमीटरला वीस अंक घेतले की सगळे २८ सेंटिमीटरच्या उंचीत मावते. ३ सप्टेंबर १९२९ ला ३८१, २९ ऑक्टोबरला २३०, एप्रिल १९३० मध्ये परत २९४, आणि ८ जुलै १९३२ ला ४१. एप्रिल १९३० चा तो उंचवटा काढायला विसरू नका. तो दिसला की 'बाजार कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मंदी आली' हे चित्र मोडते. तेव्हा सव्वाबारा कोटींच्या देशात दलालाकडे खाते असलेले पंधरा लाखांच्या आसपास होते. बाजाराने तडा पाडला. घर पडले ते बँकांमुळे.

तिसरा रविवार: बँक कशी बुडते

चारांतला हा सर्वांत महत्त्वाचा रविवार. पूर्ण सत्र याला द्या.

एक जण बँकर, दहा ठेवीदार, एक रोखेबाजाराचा माणूस. प्रत्येक ठेवीदाराच्या कार्डावर '१०० डॉलर जमा'. बँकेत मालकांचे भांडवल १००. म्हणजे एकूण ११००. बँकरच्या हातात १५० रोख (दहाच्या पंधरा चिठ्ठ्या), रोख्यांची पन्नास-पन्नासची सात कार्डे (३५०), आणि सहा शेतकऱ्यांना दिलेल्या शंभर-शंभरच्या कर्जाची सहा कार्डे (६००). ही मांडणी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा आणि प्रत्येक चालीनंतर खोडून नवी लिहा. हिशेब तोंडी ठेवला की तिसऱ्या चालीला गोंधळ होतो. खेळ फसण्याचे हेच मुख्य कारण.

पहिली चाल: एकही कर्ज बुडालेले नाही. फक्त एका ठेवीदाराच्या कानात सांगा, 'बँकेचे काही खरे नाही म्हणतात.' तिघे उठून येतात, ३०० मागतात. रोख १५० आहे. बँकर रोखे विकायला जातो, पण गावातल्या इतर बँकाही रोखेच विकत आहेत, त्यामुळे पन्नासच्या कार्डाला चाळीसच मिळतात. चार कार्डे विकून १६० येतात. तिघांना दिल्यावर हातात दहा. ही विक्री सगळ्यांना दिसते, म्हणून आणखी दोघे येतात. उरलेली तीन कार्डे विकून १२०, हातात १३०. चौथ्याला शंभर मिळतात, पाचव्याला तीस, आणि खिडकी बंद.

इथे खेळ थांबवा आणि फळ्याकडे बोट करा. बँकेकडे ६०० ची चांगली कर्जे आहेत, देणे ५७० आहे. कागदावर बँक तीस डॉलरने तगलेली आहे, आणि तरीही तिचे दार बंद आहे. पैसा अडकलेली बँक आणि बुडालेली बँक यांतला फरक इथे कळतो, नुसत्या व्याख्येने तो कळत नाही.

दुसरी चाल: बँकर शेतकऱ्यांना आजच्या आज कर्ज परत मागतो. आदल्या रविवारची शेतकरी मुलगी उभी राहते. गहू ३८ सेंटला, जमीन लिलावात निम्म्या किमतीला. शंभरचे कर्ज पन्नासला वसूल होते. आता बँक खरोखरच बुडाली. अडकलेली बँक बुडीत निघाली ती वाचायच्या धडपडीत, हे मुलांना त्यांच्याच तोंडून म्हणू द्या.

मग खऱ्या घटना लावा. ११ डिसेंबर १९३० ला न्यूयॉर्कची 'बँक ऑफ युनायटेड स्टेट्स' बंद पडली, चार लाखांवर ठेवीदार. नावावरून ती सरकारी वाटते, पण ती खासगी होती. उत्तरपत्रिकांत तिची मध्यवर्ती बँकेशी गल्लत होते. मध्यवर्ती बँक म्हणजे फेडरल रिझर्व्ह. अडलेल्या बँकांना उसने देऊन तगवणे हे तिचे काम होते, आणि ते तिने पुरेसे केले नाही. २१ सप्टेंबर १९३१ ला ब्रिटनने सुवर्णपरिमाण (चलनाची किंमत सोन्याशी बांधण्याची पद्धत) सोडल्यावर अमेरिकेतले सोने बाहेर जाऊ लागले, तेव्हा ते थोपवायला तिने ऑक्टोबरमध्ये व्याजदर दीडवरून साडेतीन टक्क्यांवर नेला, ऐन मंदीत. १९३० ते १९३३ मध्ये नऊ हजारांवर बँका बंद पडल्या, देशातला पैशाचा साठा सुमारे एक तृतीयांशाने आटला आणि १९३३ मध्ये चारांतला एक कामगार बेकार होता.

तिसरी चाल विम्याची. तोच खेळ, तीच कुजबुज, पण प्रत्येकाच्या कार्डावर 'ठेव विमा' असा शिक्का. कोणी उठत नाही. अमेरिकेत ठेव विमा १ जानेवारी १९३४ पासून लागू झाला, सुरुवातीची मर्यादा २,५०० डॉलर. आपल्याकडे तो १९६२ मध्ये पंधराशे रुपयांवर सुरू झाला आणि फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख आहे. सहकारी बँकेवर निर्बंध आल्यावर एटीएमपुढे लागलेल्या रांगा वर्गातल्या कोणी ना कोणी पाहिलेल्या असतात. बोलू द्या, पण बँकांची नावे घेऊ देऊ नका. गप्पा भरकटतात, आणि एखाद्याच्या घरचे पैसे खरोखर अडकलेले असतात.

मार्च १९३३ चा क्रम पट्टीवर दिवसवार लावा. त्या वेळी नोव्हेंबरमध्ये निवडून आलेला अध्यक्ष ४ मार्चला पद घेई. म्हणजे चार महिने जुना अध्यक्ष, हूव्हर, हरलेला आणि नवा, फ्रँकलिन रूझवेल्ट, बिनअधिकाराचा. त्याच काळात, फेब्रुवारीत, मिशिगनच्या बँका बंद झाल्या आणि लोण देशभर पसरले. ६ मार्चला रूझवेल्ट यांनी देशातल्या सगळ्या बँका बंद ठेवल्या, ९ ला काँग्रेसने एका दिवसात कायदा केला, १२ ला रविवारी रात्री त्यांनी रेडिओवरून लोकांना बँक कशी चालते ते सांगितले, १३ पासून बँका उघडू लागल्या, आणि लोक पैसे घेऊन परत आले. ते भाषण पंधरा मिनिटांच्या आतले आहे, ध्वनिमुद्रण मिळते, ते ऐकवा. आधी खेळ आणि मग भाषण हाच क्रम ठेवा. उलट केले तर ऐकताना कोणाला काही लागत नाही.

चौथा रविवार: तोटा कोणाच्या माथी

बोनस आर्मीपासून सुरुवात करा, कारण युद्ध, भरभराट आणि कोसळणे तिन्ही तिच्यात एकत्र येतात. १९२४ मध्ये काँग्रेसने युद्धातल्या सैनिकांना भरपाई, म्हणजेच 'बोनस', मंजूर केली: देशातल्या सेवेच्या दिवसाला एक डॉलर, परदेशातल्या दिवसाला सव्वा. रक्कम हातात मिळणार होती १९४५ मध्ये. म्हणजे सरकार स्वतःच सैनिकांचे ऋणको. १९३२ च्या उन्हाळ्यात हजारो बेकार सैनिक, काही बायका-मुलांसह, वॉशिंग्टनला आले आणि ॲनाकोस्टियाच्या पाणथळ मैदानावर झोपड्या टाकून राहिले. मागणी एकच: आत्ता द्या. १७ जूनला सिनेटने ती फेटाळली. २८ जुलैला जनरल मॅकआर्थरच्या सैन्याने अश्रुधूर आणि संगिनी वापरून त्यांना हुसकावले, झोपड्या जळाल्या. वर्ग दोन भागांत वाटून हूव्हर सरकारची आणि सैनिकांची बाजू मांडायला लावा. हूव्हरच्या गटाला खरी माहिती द्या: तुटीची भीती होती, आणि बाकीच्या बेकारांचे काय हा प्रश्नही खोटा नव्हता. रूझवेल्ट यांनीही बोनसला विरोधच केला. १९३६ मध्ये काँग्रेसने त्यांचा नकाराधिकार मोडून पैसे दिले.

हूव्हर 'हात बांधून बसले' हेही असेच घोटलेले वाक्य. १९३१ मध्ये त्यांनी युद्धकर्जांच्या वसुलीला वर्षभर स्थगिती दिली, १९३२ मध्ये बँका आणि रेल्वे कंपन्यांना कर्ज देणारे सरकारी महामंडळ काढले. केंद्राने बेकार माणसाच्या हातात थेट पैसे ठेवायला मात्र त्यांचा विरोध होता. १९२८ मध्ये ४४४ निर्वाचक मते मिळवणारे हूव्हर १९३२ मध्ये ५९ वर आले.

न्यू डील म्हणजे मंदीवर रूझवेल्ट यांनी आणलेला योजनांचा कार्यक्रम. त्यातल्या योजनांची आद्याक्षरे पाठ करून घेऊ नका. प्रत्येक योजनेचे एक कार्ड, त्यावर तीन ओळी: कोणाला मिळाले, पैसे कोणाचे, कोण बाहेर राहिले. तिसरी ओळ कोरी ठेवून आलेले कार्ड परत करा. तरुणांच्या वनसेवेत महिना ३० डॉलर मिळत आणि त्यातले सुमारे २५ घरी पाठवावे लागत, पण ती फक्त मुलग्यांसाठी होती. १९३३ च्या शेती कायद्याने उभा कापूस नांगरून टाकायला आणि पेरा कमी करायला पैसे दिले. ते जमीनमालकाला मिळाले, आणि पेरा कमी झाल्यावर वाटेकऱ्याला शेत सोडावे लागले. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले होते, म्हणजे दक्षिणेतले बहुसंख्य कृष्णवर्णीय कामगार वगळले गेले. त्याच वर्षीच्या वॅग्नर कायद्याने कामगारांना संघटना करून वाटाघाटी करण्याचा हक्क दिला. दक्षिणेतले गोरे खासदार दुखावले तर रूझवेल्ट यांचे बहुमत जाईल, हे राजकारण इथे उघड करून सांगा. तेव्हाच्या डेमोक्रॅट पक्षाला आजच्या त्या पक्षाच्या चष्म्यातून पाहणारी मुले इथे चुकतात. उत्तरेतले कृष्णवर्णीय मतदार लिंकनचा रिपब्लिकन पक्ष सोडून मोठ्या संख्येने डेमोक्रॅटांकडे वळले ते १९३६ मध्ये.

सर्वोच्च न्यायालयाने १९३५-३६ मध्ये उद्योग आणि शेतीचे कायदे रद्द केले, १९३७ मध्ये रूझवेल्ट यांचा न्यायाधीशांची संख्या वाढवण्याचा बेत फसला, त्याच वर्षी खर्च आखडल्यावर मंदी परत आली. ही तीन कार्डे ओळीने लावा. न्यू डीलने मंदी संपवली का, या प्रश्नाला पट्टीच उत्तर देते: १९४० मध्ये बेकारी चौदा टक्क्यांच्या वर होती आणि युद्धउत्पादन सुरू झाल्यावर ती झपाट्याने उतरली.

वेळ उरला तर १९३६ च्या जनमत चाचणीचा सराव घ्या. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांवर परत आल्या, आणि त्यांनी रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असे सांगितले. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्ये जिंकले. पत्ते प्रामुख्याने टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून घेतले होते. मंदीत टेलिफोन आणि मोटार कोणाकडे टिकली असेल, एवढेच विचारा. शिवाय पत्रिका परत पाठवायची तसदी कोण घेतो, हेही.

उत्तर लिहिताना

यूपीएससीच्या सामान्य अध्ययनात पंधरा गुणांसाठी अडीचशे शब्द असतात. त्यातले चाळीसहून जास्त शब्द प्रस्तावनेत घालवू नयेत. 'महामंदीची कारणे' असा प्रश्न आला तर कारणांची यादी न देता साखळी लिहावी: शेतीचे भाव, हप्त्यांवरची मागणी, उसन्या पैशांचा बाजार, बँका, सुवर्णपरिमाण, जकाती. प्रत्येक दुव्याला एक आकडा किंवा एक तारीख पुरे. मिलियन-बिलियनचे लाख-कोटी करताना एक शून्य इकडेतिकडे होतेच, म्हणून मुलांना एकच ताळा द्या: त्या वेळची लोकसंख्या सव्वाबारा कोटी. बेकारांचा किंवा मोटारींचा आकडा त्याच्यापेक्षा मोठा निघाला तर शून्य चुकले.

उत्तरे तपासताना भाषेवर लाल खुणा शेवटी करा. आधी प्रत्येक परिच्छेदाखाली पेन्सिलने लिहा, देणे कोणाचे, फेडले कोणी. जिथे ते लिहिता येत नाही तो परिच्छेद मुलाकडून पुन्हा लिहून घ्या.